तिसरी तार

हिराजी,

तुझी गाडी आता स्लो धरते. पाय काढला तरी विझत नाही. दारात उभी करून माणूस आत गेला, पाणी पिऊन बाहेर आला, तरी ती एका लयीत चालत राहते. हे तुला सांगण्यासाठी मी लिहायला बसलो आहे. बाकीचे ओघात येईल ते येईल.

तू गेल्यापासून पनवेलच्या बाजारात तुझ्याविषयी पुष्कळ बोलले जाते. भला माणूस होता, कोणाला नाही म्हणत नसे, वगैरे. मी त्यात भर घालणार नाही. तू हट्टी होतास. माझ्या गॅरेजात येऊन, माझ्याच बाकावर बसून, माझेच काम मला शिकवत असायचास. ऐकून घेण्याची मला सवय नाही. तरी तुझे ऐकत होतो, आणि आता बाक रिकामा आहे. एवढेच.

लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्या काळी तू मला पहिल्यांदा दिसलास. पुण्याच्या रस्त्याने एक खाकी पिकअप येत होती. पुढे बैलजोडी, दोराने बांधलेली. स्टिअरिंगवर तू, डोक्याला फेटा, आणि चेहरा असा गंभीर, की जणू साहेबाची मोटार चालवतो आहेस. नाक्यावरच्या हॉटेलातून कोणी तरी विचारले, बैलांना पेट्रोल किती लागते म्हणून. तू मान न वळवता उत्तर दिलेस, "यांना पानी लागतो. तुला पाजू का?" मी हातातला पाना ठेवून रस्त्यावर आलो. गाडी माझ्या दारात थांबली, कारण बैल थांबले. तू उतरलास आणि म्हणालास, "अप्पा, हिला जित्ती करा."

तुझ्या-माझ्या वयात फार अंतर नव्हते, पण तू मला पहिल्याच दिवशी अप्पा केलेस आणि अखेरपर्यंत तुमी म्हणालास. मी तुला तू म्हणालो. ते तसेच बरे होते.

गाडी जिवंत झाली. मग ती आपल्या दोघांची झाली, असे तू म्हणायचास. मी म्हणत असे, गाडी तुझी, दुखणे माझे. गव्हाणच्या मिठागरातले मीठ पनवेलला, मोऱ्याच्या धक्क्यावरची मासळी बाजारात, आणि लगीनसराईत वऱ्हाड. तिच्यावर तू काय काय वाहिलेस ते द्रोणागिरीच्या डोंगराने पाहिले आहे. तिचा स्टार्टर मात्र मला कधी सुधारता आला नाही. दात झिजलेले, आणि नवे मिळण्यासारखे नव्हते. तेव्हा दर वेळी पुढे उभे राहून हँडल मारायचे. म्हणून तू इंजिन सहसा बंद करत नसायचास. टोपल्या उतरवताना, हिशेब चुकवताना, चहा पिताना गाडी दारात चालू. आणि म्हणूनच तिचे स्लो चालणे इतके महत्त्वाचे होते. जी गाडी स्लो धरत नाही ती दर थांब्याला विझते, आणि दर थांब्याला हँडल मागते.

ती लंगडायला केव्हा लागली ते नक्की सांगता येत नाही. पळताना ठीक असे. पाय काढला की अडखळे. धड्, धड्, धड्, आणि मग एक पाऊल चुकल्यासारखी. आपल्या धंद्यात याला मिसिंग म्हणतात. तुझ्या बायकोने त्याला निराळाच उपयोग शोधला होता. तूच हसत सांगितले होतेस. गाडी खारबंधाऱ्यावर आली की तू वेग कमी करायचास, आणि तो लंगडा आवाज खाडीच्या पाण्यावरून थेट घरात जाई. तो ऐकला की सोनूबाई तव्यावर भाकरी टाकत. तू दारात पोचेपर्यंत ओट्यावर पाण्याचा तांब्या असे, आणि भाकरी फुगलेली असे. तू म्हणायचास, "अप्पा, हिला बरी केलीत तर मना शिला खावा लागंल."

तरी बरी करायची होतीच, कारण ती तुला मोऱ्याला विझून दगा देऊ लागली.

माझी पद्धत तुला ठाऊक होती. दुखणे बाहेरून तपासत यावे. पेट्रोल, हवा, ठिणगी, या क्रमाने. इंजिन उघडणे सर्वांत शेवटी, कारण उघडलेले इंजिन पूर्वीसारखे मिटत नाही. हे वाक्य मी तुझ्यासमोर इतक्यांदा बोललो असेन की तू ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायचास. मी कार्ब्युरेटर उतरवून धुतला. मॅनिफोल्डच्या सांध्यावर तेल सोडून हवा शिरते का ते पाहिले. मग इंजिन चालू ठेवून प्लगच्या तारा एकेक करून काढल्या. ज्या सिलिंडरची तार काढल्यावर इंजिन आणखी गळाठते, तो सिलिंडर काम करत असतो. ज्याची काढली तरी इंजिनाला पत्ता लागत नाही, तो आधीच मेलेला. पहिली काढली, गळाठले. दुसरी, गळाठले. तिसरी काढली, काही फरक नाही. चौथी, पुन्हा गळाठले. दुखणे तिसऱ्यात होते. इथवर आपले एकमत होते.

पुढे झाले नाही. मी म्हणालो, ठिणगी पोचत नाही. तू म्हणालास, "वाल गेलाय." म्हणजे आतला व्हॉल्व्ह. मी विचारले, तुला कसे कळले. तू हँडल धरून दाखवलेस.

"अप्पा, फिरवताना ती चार दम घेते. तीन भरलेले. एक पोकल हाय. तवा हात मोकला जातो."

मी म्हणालो, तुझा हात आता पूर्वीचा राहिला नाही, म्हणून तुला तसे वाटते. तू हँडल माझ्यापुढे धरलेस. मग म्हणालास, "हात दुबला झाला तर हँडल जड जायाला पायजे. हलका कसा जाईल?"

मी पुन्हा कार्ब्युरेटर उघडला.

मी स्वतः हँडल फिरवून पाहिले नाही. पूर्वी एकदा हँडलने उलटा तडाखा दिला होता आणि माझे उजवे मनगट वाकडे बसले. तेव्हापासून मी हँडलला हात लावत नाही. गिऱ्हाईक हँडल मारते, मी कान देतो. तू मला टोचलेस: "तुमी डॉक्टर, पन रोग्याची नाडी धरीत नाय." बाकावरची माणसे हसली. मीही हसलो असेन.

पण त्याच दिवशी मी एक गोष्ट पाहिली. हँडल मारताना तू डावा हात पोटावर दाबून धरला होतास. हँडल मारून झाल्यावर तू रेडिएटरला टेकून उभा राहिलास, जणू काही पाण्याची पातळी बघतो आहेस. मी विचारले. तू म्हणालास, वांगी बाधली.

वांगी फार दिवस बाधली. उन्हाळा संपेपर्यंत तुझा सदरा तुला मोठा होऊ लागला. मी तुला ओढत पनवेलच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोट दाबून पाहिले, चेहरा बदलू दिला नाही, आणि सांगितले की मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जा, आत गाठ आहे, उघडून पाहावे लागेल. बाहेर आल्यावर तू फेटा नीट केलास आणि माझेच वाक्य माझ्या तोंडावर मारलेस.

"आदी भायेरचा बगा. उघडलेला पूर्वीसारका मिटत नाय. तुमचाच बोल हाय, अप्पा."

मी म्हणालो, माणूस इंजिन नव्हे. तू म्हणालास, मग इंजिनही माणूस नव्हे, ते का उघडत नाय?

त्या पावसाळ्यात आपण दोघे ज्या रीतीने भांडलो, तसे दुसरे कोणी भांडले असेल असे मला वाटत नाही. तू वैद्याच्या पुड्या घेत होतास, एरंडेल पीत होतास, भगताचा अंगारा लावत होतास. मी पॉइंट घासत होतो, प्लग बदलत होतो, जेट फुंकत होतो. तू म्हणायचास, तुमी कारब्रेटर धुता, मी पोट धुतो, दोघंबी लंगडतंय. गाडी दर थांब्याला विझत होती. प्रत्येक विझण्यामागे एक हँडल होते, आणि प्रत्येक हँडलामागे तुझ्या पोटातली कळ. मला ती गाडी तुझ्यासाठी बरी करायची होती. मला ती माझ्या पद्धतीने बरी करायची होती. या दोन गोष्टी एकच आहेत असे मी धरून चाललो होतो.

गणपती गेले, आणि सौदा झाला. तो तुझ्या डोक्यातून निघाला. बाकावर बसायलाही तुला त्रास होत होता, म्हणून तू पिकअपच्या पायरीवर बसला होतास. म्हणालास, "मी पोट उघडू देतो. तुमी इंजिन उघडा. मी मोऱ्याला मुंबईच्या लाँचीत पाय ठेवला का तुमी हेडला पाना लावायचा." मी हो म्हणालो. तू हात पुढे केलास. तुझ्या हाताची कातडी मिठागरातल्या माणसाची, चामड्यासारखी. मी डाव्या हाताने हात मिळवला, कारण उजवा ग्रीसने भरला होता. तू म्हणालास, डाव्या हाताचा शब्द पाळशील ना? त्या एकदाच तू मला एकेरी बोललास.

मी तुला मोऱ्यापर्यंत सोडले. तुझा धाकटा भाऊ काशिनाथ बरोबर होता. सोनूबाई गव्हाणलाच उतरल्या, कारण तू त्यांना पुढे येऊ दिले नाहीस. धक्क्यावर गाडी विझली. तू सवयीने हँडलकडे वळलास. काशिनाथने ते तुझ्या हातातून घेतले. तू लाँचमध्ये बसलास, आणि लाँच सुटल्यावर बोटाने हवेत पाना फिरवून दाखवलास. मी मान हलवली.

आणि परत येऊन हेडला पाना लावला नाही.

शब्द मोडण्याचा माझा विचार नव्हता. एक तपासणी राहिली आहे, ती करू, मग उघडू, असे मी ठरवले. दिवेलागणीची वेळ होती, हवा दमट. मी गाडी चालू करवून घेतली आणि दिवा न लावता बॉनेटखाली पाहत उभा राहिलो. अंधार पडत गेला तसे मला दिसले. तिसऱ्या तारेवरून एक बारीक निळी ठिणगी लोखंडावर उडत होती. प्लगापर्यंत जायची ती वाटेतच गळत होती. आणि ती गळत होती नेमकी त्या जागी, जिथे तुझ्या घरची पुरचुंडी बांधलेली होती.

दर खंडेनवमीला सोनूबाई गाडीची पूजा करत, आणि आपल्या मिठागरातले मीठ तांबड्या फडक्यात बांधून दृष्ट लागू नये म्हणून इंजिनाला लटकवत. पहिल्या वर्षी मी तुला म्हटले होते, इंजिनात लटकणारी प्रत्येक वस्तू म्हणजे कचरा. तू म्हणालास, ती काढली तर घरान जेवाला मिलनार नाय. तेव्हापासून मी तिला हात लावला नाही. ती तुमच्या घरची बाब होती. काम करताना मी ती अलगद बाजूला सारत असे आणि पुन्हा होती तिथे सोडत असे. पावसाळ्याच्या हवेत मिठाला घाम सुटतो. ते पाणी वर्षानुवर्षे तिसऱ्या तारेवर पाझरले, रबर खाऊन गेले, आणि ठिणगीला वाट फुटली. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेले मीठ, हिराजी.

मी एकटाच होतो, तरी हसू आवरले नाही. तुला हे सांगताना तुझा चेहरा कसा होईल तेही मी मनात पाहून घेतले. पुरचुंडी सोडून फळीवर ठेवली. तार पुसली, पण रबर गेलेले. नवी हवी होती, आणि ती पनवेलला मिळेना. काशिनाथ इस्पितळातून एकदा घरी येऊन गेला, तेव्हा मी त्याला मुंबईहून तशी तार आणायला सांगितले. कोणी येणारा असेल तर त्याच्याबरोबर पाठव म्हणालो. दादाला सांग, दुखणे तारेत निघाले. मिठाचे मी त्याला सांगितले नाही. ते तुला सांगायचे होते, तोंडावर, तू बाकावर बसलेला असताना.

त्यानंतर एका सकाळी मी बॉनेटमध्ये डोके घालून काम करत होतो. पोस्टातला माणूस सायकल टेकवून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अप्पा, मुंबईची तार आली आहे. काशिनाथची."

मी डोके वर न काढता म्हणालो, "बाकावर ठेव. लांबी पुरेशी आहे का?"

तो बाकाकडे गेला नाही. मी पुन्हा विचारले, लांबी. तेव्हा तो म्हणाला, "अप्पा, ही तसली तार नाही."

मी बाहेर आलो. हात पुसले. त्याच्या हातात कागद होता.

त्या कागदाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तुझ्या घरी बातमी मी पोचवायची, म्हणून काशिनाथने तो माझ्या पत्त्यावर धाडला होता. एसटीला वेळ होता. तुझी गाडी दारात होती. शेजारच्या सुताराने हँडल मारून दिले आणि मी निघालो. इतर कशाचा विचार मी केला नाही. तो करायला हवा होता की नाही, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे, पण ते व्यर्थ आहे.

खारबंधाऱ्यावर रस्ता अरुंद होतो. मी पाय काढला. गाडी लंगडू लागली. धड्, धड्, धड्, आणि एक पाऊल चुकलेले. खाडीला भरती होती. आवाज पाण्यावरून पुढे गेला.

तुझ्या दारात पोचलो तेव्हा ओट्यावर तांब्या ठेवलेला होता.

आतून भाजत्या भाकरीचा वास येत होता. सोनूबाई पदराला हात पुशीत दारात आल्या. तोंडावर हसू होते. त्यांनी स्टिअरिंगकडे पाहिले. तिथून मी उतरत होतो. त्यांनी माझ्या मागे, शेजारच्या जागेवर पाहिले. मग मागच्या फळ्यांमध्ये पाहिले, की तू तिथे आडवा पडून आला आहेस की काय. मग माझ्याकडे पाहिले. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

इंजिन मी बंद केले नव्हते. तुझ्या घरातला आकांत आणि ते लंगडणे, दोन्ही मी एकदम ऐकले. थोड्या वेळाने गाडी आपसूक विझली. आत भाकरी करपल्याचा वास येऊ लागला, तेव्हा कोणी तरी जाऊन तवा उतरवला. मी ओट्यावरचा तांब्या उचलून आत नेऊन ठेवला. का, ते सांगता येणार नाही.

तुझे सर्व तिकडेच झाले. काशिनाथ परत आला तो मोऱ्याहून सरळ माझ्याकडे आला. त्याच्या एका हातात अस्थींचे मडके होते, फडक्याने तोंड बांधलेले. दुसऱ्या हातात नव्या तारेचे भेंडोळे. त्या धावपळीत तो ते विसरला नव्हता. मी म्हणालो, याची काय घाई होती. तो म्हणाला, दादाने आठवण केली. पोट उघडायच्या आदल्या दिवशी तुला त्याने तारेची हकीकत सांगितली होती. तू ऐकून घेतलेस आणि हसलास. मग त्याला म्हणालास:

"अप्पाला सांग, तार बदला. पन बोलल्यापरमानं खोला."

डॉक्टरांनी तुला उघडले आणि तसेच मिटले. आत करण्यासारखे काही उरले नव्हते, असे काशिनाथ म्हणाला. त्यानंतर तू फार काळ काढला नाहीस. आधी आला असतास तर काय झाले असते, हे डॉक्टर त्याला काही बोलले असतील. त्याने मला सांगितले नाही. मी विचारले नाही. तुला तिथे मी पाठवले, हे मला माहीत आहे. तू तुझा शब्द पाळलास, हेही.

नवी तार मी त्याच दिवशी घातली. गाडी चालू झाली. धड्, धड्, धड्, धड्. काशिनाथ म्हणाला, अप्पा, झाली की. मी मान हलवली. पण कान लावल्यावर मला ते ऐकू आले. पाऊल चुकत नव्हते, पण चौघांतला एक जण हळू पाय टाकत होता. दुसऱ्या कोणालाही ते कळले नसते. गाडी जुनी आहे, असे म्हणून मी सोडून देऊ शकत होतो.

इंजिन बंद केले. काशिनाथला चहा सांगायला पाठवले. मग किल्ली काढून घेतली आणि गाडीच्या पुढे जाऊन हँडल डाव्या हाताने धरले. इतक्या वर्षांनी. सावकाश फिरवले, जसे तू फिरवायचास. एक दम आला, हाताला भरलेला लागला. दुसरा भरलेला. मग हात मोकळा गेला, उघड्या दारातून गेल्यासारखा. मग पुन्हा भरलेला. मी परत फिरवले. पुन्हा तेच. तू म्हणाला होतास अगदी तसे, त्याच शब्दांत माझ्या हाताने मला सांगितले.

मी हेड उघडले. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह एका कडेने जळलेला होता. नखाएवढी खाच. त्यातून दम निसटत होता. तार खराब होती आणि व्हॉल्व्हही खराब होता, दोन्ही एकाच सिलिंडरात. म्हणजे आपण दोघेही बरोबर होतो, असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. तार ही मिठाची करणी होती, पावसाळ्यापुरती. खरे दुखणे आत होते, आणि ते तुझ्या हाताला माझ्या कानाच्या आधी कळले होते. तू बरोबर होतास. हे मी तुला बाकावर बसून कधी म्हणालो नसतो. आता लिहून देतो.

तुझ्या पोटाच्या बाबतीत मी बरोबर होतो की नाही, ते मला कधी कळायचे नाही. तिथे हाताला लागण्यासारखे काही उरलेले नाही.

नवा व्हॉल्व्ह मिळवला. बसणीवर घासून बसवला, पुन्हा पुन्हा, कडेने सारखी करडी रेघ उमटेपर्यंत. या कामाला मी इतका वेळ कधी दिला नव्हता. हेड मिटले. आणि मी जे आयुष्यभर सांगत आलो ते खरे नाही हिराजी, कारण ते पूर्वीपेक्षा चांगले मिटले.

तुझे दिवस-कार्य उरकल्यावर गाडी पोचवायला मी गव्हाणला गेलो. आता ती काशिनाथ चालवणार आहे. घर तिच्यावरच उभे आहे, तिला विझून चालणार नाही. बंधाऱ्यावर मी पाय काढला. गाडी एकसारखी चालत राहिली, शिंप्याच्या मशिनीसारखी. दारात येऊन थांबलो. इंजिन चालू ठेवले. तुला दाखवावे तसे.

ओट्यावर काही नव्हते. आतून कोणी बाहेर आले नाही.

मी बराच वेळ बसून राहिलो. गाडी चालत होती, धड्, धड्, धड्, धड्, कुठेही न चुकता. शेवटी मी हॉर्न दिला. सोनूबाई बाहेर आल्या, परक्याच्या गाडीकडे पाहावे तसे पाहिले, मग मला पाहिले.

"वलखली नाय," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, बरी झाली आहे. त्या म्हणाल्या, हां. आणि उंबऱ्याशी उभ्याच राहिल्या, कान देऊन. अजून काही ऐकू येईल असे त्यांना वाटत असावे. मग आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांबड्या फडक्याची पुरचुंडी होती. यंदा दसरा तुमच्या घरी झाला नाही. पण त्यांनी मीठ बांधून ठेवले होते.

"माज्या हातान आता नको," त्या म्हणाल्या. "तुमी बांदा, अप्पा. जागा ठाव हाय ना?"

जागा मला ठाऊक होती. मी बॉनेट उघडले. नवी तार काळी, स्वच्छ, चकचकीत होती. मिठाचे मी त्यांना सांगितले नाही, आणि सांगणार नाही. ते तुझ्याकडे पोचते करायचे होते, ते इथे पोचते केले. पुरचुंडी आरशाला बांधता आली असती. स्टिअरिंगच्या दांड्याला बांधता आली असती. अप्पा करतील ते बरोबर, असे म्हणून त्या आत गेल्या असत्या. फडक्यातले मीठ बोटांना खरखरीत लागत होते. तुझ्या मिठागरातले, तू असतानाचे शेवटचे.

मी ती तिसऱ्या तारेवर बांधली, जुन्या जागी.

पावसाळ्यात तिला घाम सुटेल. तार ओली होईल, गाडी लंगडू लागेल, आणि खारबंधाऱ्यावरून तो आवाज घरात जाईल. काशिनाथचे हात भक्कम आहेत, हँडल तो मारील. चार शिव्या देत गाडी माझ्याकडे आणील आणि बाकावर बसेल. मी तार पुसून देईन. व्हॉल्व्ह मात्र त्याला काढू देणार नाही. तो तुझा आहे.

बॉनेट लावले. गाडी दारात एकसारखी चालत होती. पावसाळ्यापर्यंत ती अशीच चालेल.